मेपलचा रस तांब्याच्या भांड्यात आटवावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑन्टॅरिओत घरामागे दोन मोठी शुगर मेपलची झाडं आहेत आणि घरात आजीच्या वेळचं कल्हईचं तांब्याचं पातेलं आहे. शिवाय जुन्या वस्तूंच्या दुकानात एक चपटा तांब्याचा पॅन विकायला आहे. यात रस आटवून सिरप केलं तर चालेल का, आणि तांब्यात रस लवकर आटतो हे खरं का?

कल्हई शाबूत असेल आणि झाळकामात किंवा कल्हईत शिसं नसेल, तर अशा भांड्यात रस उकळायला हरकत नाही. त्यात रस ठेवायला मात्र सक्त हरकत आहे. लवकर आटण्याची गोष्ट म्हणाल तर ती जवळजवळ खोटी आहे.

आधी वेगाचं बघू, कारण जुना पॅन विकणारा हाच मुद्दा पुढे करणार. तांब्याची उष्णतावहन क्षमता सुमारे ४०० वॉट प्रति मीटर केल्विन, स्टेनलेस स्टीलची १६ च्या आसपास. म्हणजे पंचवीस पट फरक. आकडे खरे आहेत, पण ते इथे फारसे लागू पडत नाहीत. जाळाची उष्णता रसापर्यंत पोचताना तीन अडथळे ओलांडते: ज्वाळेच्या गरम वायूपासून धातूच्या पृष्ठभागापर्यंत, मग पत्र्याच्या जाडीतून, आणि शेवटी धातूपासून उकळत्या रसात. यातला पहिला अडथळा एकटाच नव्वद टक्क्यांहून जास्त आहे. गरम वायू धातूला उष्णता देण्यात फार कंजूष असतो. एक मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पत्र्याचा वाटा एकूण अडथळ्यात जेमतेम एक टक्का. तो पत्रा काढून तांब्याचा बसवलात तर त्या एका टक्क्यातलं बरंचसं वाचतं, बाकी सगळं तसंच राहतं. दिवसभराच्या कामात पाच-दहा मिनिटांचा फरक पडेल.

वेग ठरतो तो उघड्या पृष्ठभागावर आणि जाळावर. लाकडाच्या चांगल्या जाळावर सपाट पॅन दर चौरस मीटरला तासाला साधारण ४० लिटर पाणी उडवतो. तुमचं पातेलं ४० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर तासाला ५ लिटर. ६० बाय ९० सेंटिमीटरचा पॅन असेल तर २० लिटरच्या पुढे. आता रस किती ते पाहा. रस काढायला खोडाला पाडलेल्या एका भोकातून हंगामात साधारण ४० लिटर रस मिळतो, दोन झाडांवर मिळून तीन भोकं धरली तर १२० लिटर. रसात साखर २ टक्के असेल तर एक लिटर सिरपला ४३ लिटर रस लागतो. हिशेब सोपा आहे, ८६ ला साखरेच्या टक्क्यांनी भागायचं. म्हणजे हाती येणार पावणेतीन लिटर सिरप, आणि त्यासाठी पातेल्यात चोवीस तास जाळ घालावा लागेल. पॅनमध्ये सहा तास. हा फरक आकाराचा आहे, धातूचा नाही. स्वयंपाकघरात हे करायचा विचार असेल तर सोडून द्या. शंभराहून जास्त लिटर पाण्याची वाफ घरात सोडली की भिंतींचा रंग सुटतो आणि छताला बुरशी धरते.

बाहेरून काळं झालेलं तांबं घासून लख्ख करण्याचा मोहही आवरा. घासलेलं तांबं जाळाची प्रारणं आरशासारखी परतवतं, काजळी धरलेलं तांबं ती शोषून घेतं. तळ बाहेरून काळाच असू द्या. जाड पापुद्रा जमला तरच खरवडा.

मग तांब्याचा फायदा काहीच नाही का? आहे, तो वेगळा आहे. तांबं उष्णता आडवी पसरवतं. प्रोपेनच्या शेगडीची ज्योत गोल कड्यासारखी असते. पातळ स्टीलच्या पॅनमध्ये बरोबर त्या कड्यावर रस लागतो, करपट चव येते आणि तळाला तपकिरी गोल उमटतो. तांब्यात हे क्वचित होतं. लाकडाच्या चुलीत ओंडका एका बाजूला जास्त पेटला तरी तेच. ज्यांनी पूर्वी तांब्याच्या पॅनना पसंती दिली त्यांचा अनुभव चुकीचा नव्हता. फक्त इंडक्शनवर तांबं तापत नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता तब्येतीचा भाग. ताजा मेपलचा रस ऊस किंवा लिंबाच्या रसासारखा आम्लधर्मी नसतो. त्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, ७ च्या जितका खाली तितकं आम्ल जास्त) साधारण ६.५ ते ७.५. उकळायला लागला की आधी पीएच चढतो, ८ च्याही वर जातो, आणि रस घट्ट होत जाताना पुन्हा ७ च्या आसपास उतरतो. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाच्या, फूड कोडमध्ये पीएच ६ पेक्षा कमी असलेल्या पदार्थांना उघडं तांबं लागू देऊ नये असा नियम आहे. ताजा मेपलचा रस त्या रेषेच्या सुरक्षित बाजूला बसतो. उसाचा रस बसत नाही, त्याचा पीएच ५ ते ५.५ असतो. म्हणून गुऱ्हाळावरचे धडे इथे जसेच्या तसे लावू नका.

शिवाय तांबं आम्लात नुसतं विरघळत नाही, त्याला ऑक्सिजनही लागतो. खळखळ उकळत्या रसात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ उरतच नाही, वाफेबरोबर निघून जातो. त्यामुळे उकळी चालू असते तेव्हा रसात तांबं कमी उतरतं. जाळ विझला, रस निवायला लागला की त्यात हवा पुन्हा मुरते. भांड्याच्या काठाशी, जिथे ओल, हवा आणि धातू तिन्ही एकत्र येतात, तिथे काम सुरू होतं. सकाळी रसाच्या पातळीवर हिरवट रेघ दिसते ती याचीच. त्यात रस रात्रभर बाहेर राहिला आणि उष्ण दिवस असेल तर जिवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात, पीएच उतरतो, आणि रस चांगलाच कळकतो.

मेपलच्या बाबतीत हे जास्त मनावर घ्यायचं कारण आटवणं हेच आहे. रसात लिटरला अर्धा मिलिग्रॅम तांबं उतरलं असं धरा. कॅनडात पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची कमाल मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे हा रस पाणी म्हणून निर्धोक. पण तो चाळीस पट आटला की सिरपमध्ये लिटरला २० मिलिग्रॅम होतात. पॅनकेकवर ६० मिलिलिटर ओतलं तर १.२ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची वरची मर्यादा १० मिलिग्रॅम आहे, त्याला काही होणार नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी ती मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. घरात विल्सन्स डिसीजचा (शरीरात तांबं साठत जाण्याचा आनुवंशिक आजार) रुग्ण असेल तर हा विषयच बंद करा, स्टील वापरा.

‘रस आंबट नाही, मग कल्हई कशाला’ असं कोणी म्हणालं तर त्यांना पुण्याचं उदाहरण द्या. लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार भारतात होता, इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर १९८३ मध्ये मांडलं की तान्ह्या बाळांचं वरचं दूध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलं आणि ठेवलं जातं, त्यातून उतरणारं तांबं हे यामागचं संभाव्य कारण आहे. दूधही आंबट नसतं. त्यातलं केसीन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं. मेपलच्या रसात केसीन नाही, पण भांड्यात किती वेळ काय ठेवलं याला किती महत्त्व आहे ते यावरून कळतं.

तांब्याइतकंच, खरं तर जास्तच, लक्ष शिशाकडे द्या. जुन्या पॅनच्या कोपऱ्यांना, तळाच्या जोडांना आणि नळीच्या बुडाशी जी झाळ असते ती बहुतेकदा कथील आणि शिसं निम्मं-निम्मं घालून केलेली असते. उत्तर अमेरिकेत मेपलची उपकरणं बनवणाऱ्यांनी शिशाची झाळ १९९० च्या दशकाच्या मध्याला सोडली. त्याआधीचा कुठलाही झाळलेला पॅन, मग तो तांब्याचा असो, कथील चढवलेल्या पत्र्याचा असो किंवा गॅल्व्हनाइज्ड असो, शिसं आहे असं धरूनच चालायचं. पितळी नळ आणि रिवेट यांतही शिसं असू शकतं. आणि शिशाला तांब्यासारखी ‘एवढं चालतं’ अशी मर्यादा नाही.

तुमच्या पातेल्याला बहुधा जोडच नसेल, ठोकून केलेलं असेल. तिथे शंका कल्हईची. दारावर येणारा कल्हईवाला शुद्ध कथील वापरतोच असं नाही. शिसं स्वस्त, लवकर वितळणारं आणि सहज पसरणारं, त्यामुळे भेसळ सोपी. शुद्ध कथलाची ताजी कल्हई चंदेरी आणि किंचित पिवळसर झाक असलेली दिसते, शिसं मिसळलेली निळसर करडी पडते. पण नुसत्या नजरेवर विसंबू नका. घरगुती शिसं-चाचणीच्या पट्टीने रंग बदलला तर शिसं आहे असं धरून चाला. नाही बदलला तर भांडं निर्दोष ठरलं असं नाही, कारण या पट्ट्या मुळात जुन्या रंगासाठी असतात. खात्री हवी असेल तर क्ष-किरण यंत्राने धातू तपासून देणाऱ्या ठिकाणी भांडं न्या, भंगार धातूचा व्यवहार करणाऱ्यांकडे हे यंत्र अनेकदा असतं. कल्हई नव्याने करून घेणार असाल तर ‘शिसंविरहित, शुद्ध कथील’ असं बिलावर लिहून मागा.

कल्हई कितपत उरली आहे हे बघायला आतून ओल्या फडक्याने पुसा आणि उजेडात धरा. करडा, काळपट रंग ही खराबी नव्हे, जुनी कल्हई अशीच दिसते. तांबूस डाग म्हणजे उघडं तांबं. रुपयाच्या नाण्याएवढा एखादा डाग चालवून घेता येईल, त्याहून मोठा असेल किंवा असे डाग विखुरलेले असतील तर आधी कल्हई, मग रस.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, कथील-शिशाची झाळ १८३ पासूनच मऊ पडते. रस कितीही आटला तरी सिरपला १०४ अंशांच्या वर जायचं नसतं, म्हणजे भांड्यात द्रव आहे आणि तळाला पुटं नाहीत तोवर कल्हईला धोका नाही. द्रव संपला की मात्र काही सेकंदांत सगळं जातं. साखर करपते, कल्हई वितळून मण्यांसारखी तळाशी गोळा होते, झाळ सुटते आणि राहिलेला पाक चुलीत. म्हणून पातळी कधीही अडीच सेंटिमीटरखाली उतरू देऊ नका, सपाट पॅनमध्ये चार ते पाच सेंटिमीटर राखा. चूल एका बाजूला कललेली असेल तर मोजमाप उथळ बाजूला घ्या. बहुतेक पॅन याच चुकीने जळतात. जवळ एक बादली रस तयार ठेवा. पातळी उतरली आणि जाळ आवरेना, तर पॅन उचलत बसू नका, आधी रस ओता.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा ठेवा. गोळा केलेला रस ४ अंशांच्या खाली, बर्फात किंवा फ्रिजमध्ये, प्लास्टिकच्या खाद्यपदार्थ-योग्य बादल्यांत. दोन-तीन दिवसांत आटवा. गढूळ, तारेसारखा ओढला जाणारा किंवा आंबूस वासाचा रस तांब्यात घालायचाच नाही. भांडं सकाळी गरम पाणी आणि थोडा खाण्याचा सोडा घालून मऊ फडक्याने पुसा, मग त्यात साधं पाणी पाच मिनिटं उकळून ओतून द्या. रात्रीत चढलेला थर त्याच्याबरोबर जातो. हेच पाणी उकळताना थर्मामीटरवर किती अंश दिसतात ते लिहून ठेवा. हवेच्या दाबाप्रमाणे उत्कलनबिंदू रोज हलतो, आणि सिरपचा बिंदू त्या दिवशीच्या पाण्यापेक्षा ४ अंश वर असतो.

उकळी आली की रस थोडा थोडा, शक्यतो वेगळ्या भांड्यात कोमट करून, बारीक धारेने घालत राहा. थंड रस एकदम ओतला की उकळी मोडते, आणि आपण आत्ताच पाहिलं की उकळी मोडलेलं तांबं आपल्याला नको आहे. वर येणारा फेस झाऱ्याने काढत जा. फेस उतू जाऊ लागला तर लोण्याचा हरभऱ्याएवढा खडा टाका, लगेच बसतो. जास्त टाकलं तर सिरपवर तवंग राहतो.

सिरप तांब्यात पूर्ण करू नका. रसाचं तापमान पाण्यापेक्षा २ अंश वर गेलं, म्हणजे त्यात वजनाने निम्मी साखर झाली, किंवा त्याआधीच पातळी वर सांगितलेल्या किमान खोलीवर आली, की तो गाळून जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात घ्या आणि शेवट शेगडीवर करा. १२० लिटर रसाचं या टप्प्याला चार-पाच लिटर उरतं. रुंद पॅनमध्ये त्याचा एक सेंटिमीटरही थर भरत नाही, पातेल्यातही तो नीट खोल राहत नाही. इथेच भांडी जळतात. शेवटच्या वीस मिनिटांत लक्ष दुसरीकडे गेलं की पाक लागलाच. घनता मोजायला हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर ६६ ते ६७ ब्रिक्सला (म्हणजे वजनाने तितके टक्के साखर) थांबा. त्याखाली सिरपला बुरशी येते, फार वर गेलात तर बाटलीच्या तळाशी खडीसाखर बसते. मग गरमागरम फेल्टच्या जाड कापडातून गाळून ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान बाटल्यांत भरा. गाळल्यावर पुन्हा उकळू दिलंत तर नवी रेती (तळाशी बसणारा खरखरीत क्षार) धरते आणि गाळण्याचं काम वाया जातं.

पातेल्यात आटवलेलं सिरप पॅनमधल्यापेक्षा गडद होईल, कारण तोच रस तासन्‌तास जाळावर राहतो. डार्क प्रतीचं, दाट चवीचं. तो दोष नाही.

दिवस संपला आणि रस अर्धवट राहिला तर काय, हा तांब्याच्या भांड्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. स्टीलच्या पॅनमध्ये अनेक जण अर्धा आटलेला रस तसाच ठेवून झोपायला जातात, रात्रीच्या थंडीत तो गोठतो आणि फारसं बिघडत नाही. तांब्यात हे करायचं नाही, अगदी कल्हई असली तरी नाही. जाळ ओढा, उकळी थांबायच्या आधी रस स्टीलच्या झाकणाच्या डब्यात काढा, भांडं गरम पाण्याने विसळा आणि कोरडं पुसा. तळाशी पाणी साठून राहिलं तरी हिरवा कळंक येतो.

दोन-तीन दिवसांनी तळाला करडी, खरखरीत पुटं दिसतील. ती मुख्यतः कॅल्शियम मॅलेट, सिरपवाले तिला साखरेची रेती म्हणतात. ती उष्णता अडवते, तिच्याखाली धातू तापत जातो आणि कल्हईला धोका तिथून सुरू होतो. स्टीलवाले व्हिनेगर भरून रात्रभर ठेवतात. तांब्यात ते केलंत तर सकाळी निळसर पाणी आणि पातळ झालेली कल्हई मिळेल. त्याऐवजी साधं पाणी भरून तासभर मंद तापवा आणि लाकडी उलथन्याने खरवडा. तरी न निघालं तर पाण्यात एक दशांश व्हिनेगर, पंधरा मिनिटं, समोर उभं राहून. लगेच सोड्याच्या पाण्याने विसळा. तारेची घासणी आणि पीतांबरी दोन्ही आतून वर्ज्य.

राहिला तो दुकानातला पॅन. उत्तर अमेरिकेत जुनी तांब्याची भांडी तीन-चार प्रकारची मिळतात आणि विकणारे सगळ्यांना ‘मेपलचं’ म्हणतात. ओहायो-पेनसिल्व्हेनियाकडची ॲपल बटरची (सफरचंदाचा आटवलेला गर) मोठी हंडी असते, गोल बुडाची, आतून कल्हई नसलेली. आटवायला अगदी निरुपयोगी, कारण रस कमी होत गेला की पृष्ठभागही कमी होत जातो. कँडीच्या कढया असतात, त्याही बिनकल्हईच्या. आडव्या-उभ्या पट्ट्या झाळलेले सपाट पॅन बऱ्याचदा ज्वारीच्या गोड धाटाचा रस आटवायचे असतात. पट्टी तितके जोड, जोड तितकी शिशाची शक्यता. काही भांड्यांवर शोभेसाठी लॅकर चढवलेलं असतं, ते जाळावर जळून दुर्गंधी देतं. खरोखर घेण्याजोगा पॅन म्हणजे कोपरे कापून झाळलेले नाहीत, तर एकसंध पत्र्याला घडी घालून वळवलेले आहेत असा, तळ सपाट आणि पत्रा निदान एक मिलिमीटर. असा मिळाला तरी कल्हईचा खर्च धरून किंमत करा. उत्तर अमेरिकेत कल्हई करणारे मोजके आहेत आणि दर मापावर लावतात, मोठ्या पॅनला तो खर्च पॅनच्या किमतीहून जास्त होऊ शकतो.

नवा तांब्याचा पॅन करून घेण्यात काहीच अर्थ दिसत नाही. त्या पैशात झाळ न लावता टिग वेल्डिंगने जोडलेला स्टीलचा पॅन येतो, त्यात शिसं नाही, कल्हई नाही, रात्री रस ठेवता येतो. तीन भोकांच्या रसाला तर उपाहारगृहांसाठी मिळणाऱ्या स्टीलच्या दोन आयताकृती ट्रे विटांच्या चुलीवर शेजारी शेजारी मांडल्या तरी काम होतं. आजीचं पातेलं वापरायचंच असेल तर त्या चुलीच्या मागच्या टोकाला ठेवा आणि त्यात ट्रेमध्ये घालायचा ताजा रस उकळता ठेवा. तिथे रस पातळ असतो, पातळी भरलेली असते आणि जाळ मंद.

हंगाम एप्रिलच्या मध्यापर्यंत संपतो, झाडाला कळ्या फुगल्या की रसाला कोबीसारखा वास येतो आणि थांबावं लागतं. मग पातेलं आतून सोड्याने धुऊन उन्हात दोन तास वाळवा, आत कोरडा कागद घाला आणि उपडं न ठेवता उताणं, कोरड्या जागी ठेवा. तळघरात उपडं ठेवलेल्या तांब्याखाली ओल अडकते, आणि पुढच्या फेब्रुवारीत कल्हईवर हिरव्या ठिपक्यांची नक्षी मिळते.